एचआयव्हीचा पैसा आटला तर गोळ्या उरतील. गोळीपर्यंत नेणारी माणसं उरतील का?

सांजवात
(धागाकर्ती)

मी सात वर्षं एका एचआयव्ही प्रकल्पात समुपदेशक होते. आता त्या कामात नाही, त्यामुळे कुणाची परवानगी न घेता लिहू शकते.

आमच्याकडे एक पीअर एज्युकेटर होती, म्हणजे त्याच गटातून आलेली कार्यकर्ती. स्वतः देहविक्रय केलेली, स्वतः पॉझिटिव्ह. रजिस्टर भरायचा तिला भयंकर कंटाळा. महिनाअखेरीस मी आणि ती डोकं धरून बसायचो. पण फिल्डवर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. कुणाच्या खोलीवर गेली की इकडच्या तिकडच्या गप्पा मारता मारता गोळ्यांची बाटली उचलायची आणि सहज कानाशी हलवायची. तीस गोळ्यांची बाटली महिन्याच्या शेवटी खुळखुळायला नको. खुळखुळली तर ओरडायची नाही. नुसतं विचारायची, "कोण आलंय राहायला?" कारण घरात नातेवाईक आले, नवा जोडीदार आला, की गोळ्या लपवाव्या लागतात, आणि लपवलेली गोळी घ्यायची राहून जाते. हे मला कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.

आमचा निधी थांबला तेव्हा एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या गोळ्या थांबल्या नाहीत. त्या सरकारी केंद्रात मिळत होत्या, मिळत राहिल्या. थांबली ती ही बाई.

धागा काढायचं निमित्त म्हणजे २०२५ पासून जगभर चाललेली कपात. २० जानेवारी २०२५ ला अमेरिकेने परदेशी मदत ९० दिवसांसाठी गोठवली आणि चार दिवसांत "काम थांबवा"चे आदेश सुटले. २००३ साली धाकट्या बुशनी सुरू केलेला पेपफार हा एड्सविरोधी कार्यक्रमही त्यात सापडला. त्या घडीला जगातल्या सुमारे २ कोटी लोकांचे उपचार त्याच्या आधाराने चालले होते. ओरड झाल्यावर जीवरक्षक सेवांना सूट मिळाली. पण ही सूट नेमकी कशी होती ते बघा. प्रेप, म्हणजे संसर्ग होऊच नये म्हणून आधीपासून घ्यायची औषधं, द्यायला परवानगी. मात्र फक्त गरोदर आणि स्तनदा स्त्रियांना. देहविक्रय करणाऱ्या, तृतीयपंथी, समलिंगी पुरुष, सुईने नशा करणारे हे सगळे बाहेर. ज्यांच्यासाठी प्रेप सगळ्यात जास्त गरजेचं, नेमके तेच.

बाकीच्यांनीही हात आखडता घेतलाय. ब्रिटनने राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्के असलेली परदेशी मदत २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणायचं ठरवलंय. एड्स, क्षयरोग आणि मलेरियासाठी देशोदेशींचा पैसा गोळा करणाऱ्या ग्लोबल फंडला पुढच्या तीन वर्षांसाठी १८ अब्ज डॉलर हवे होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये जोहान्सबर्गच्या बैठकीत कबूल झाले ११.३४ अब्ज.

कपात करणारे दर वेळी सांगतात की औषधांना हात लावलेला नाही. ते बऱ्याचदा खरंही असतं. पण पोलिसांना, घरमालकाला, घरच्यांना घाबरून जे लपलेले असतात त्यांच्यापर्यंत औषध स्वतःच्या पायांनी जात नाही. कात्री आधी या मधल्या माणसांवर चालते, असं माझं म्हणणं आहे. पटत नसेल तर सांगा. शिवीगाळ नको.


आडवाटेचा

सांगतो, शिव्या खायची तयारी ठेवून.

सांजवातताई, तुमच्या त्या कार्यकर्तीबद्दल आदर आहे. पण तिला मानधन कुणी द्यायचं या प्रश्नाला तुम्ही अलगद वळसा घातलात. २००१ साली अबुजामध्ये आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांनी जाहीर केलं होतं की अर्थसंकल्पाचे १५ टक्के आरोग्यावर खर्च करू. त्यानंतर मोजक्याच देशांनी तो आकडा कधी ना कधी गाठला. का गाठतील? बाहेरून येतंयच. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायची सवय लागली की विहीर खणायला कोण जातो?

आणि झटका बसल्यावर काय झालं तेही बघा. फेब्रुवारी २०२५ मध्ये नायजेरियाच्या संसदेने आरोग्याच्या तरतुदीत २० कोटी डॉलरची भर घातली. दक्षिण आफ्रिकेच्या तिजोरीतूनही जादा पैसे निघाले. म्हणजे पैसे होते. बावीस वर्षं ते दुसरीकडे जात होते, कारण हा खर्च करायला अमेरिकेचा करदाता बसला होता.

मदत अचानक तोडली ती पद्धत चुकीची, हे मान्य. पण मदत कधीतरी थांबणारच होती. ती थांबू नये असं म्हणणाऱ्यांनी एक तारीख सांगावी: कधी थांबलेली चालेल?


पांथस्थ

वाचतेय. शेवटच्या प्रश्नाला +१, जरी बाकी प्रतिसाद पटला नाही.


क्षार

कडू बोलतो. कॅन्सर झालेल्याच्या घरी कुणी बाटली हलवून बघायला जात नाही. मधुमेहवाल्याला कुणी विचारत नाही, बाबा रे, गोळी घेतलीस का. मग ज्यांचा आजार स्वतःच्या वागण्यातून आला त्यांचेच एवढे लाड कशासाठी?


डॉ_निशाचर

क्षार, रात्रपाळी संपवून लिहितोय, गोड बोलायची ताकद उरलेली नाही.

एक, काहीच उपचार नसतील तर एचआयव्ही असलेल्या आईकडून बाळाला संसर्ग व्हायची शक्यता १५ ते ४५ टक्के. वेळेवर औषधं मिळाली तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते. संसर्ग झालेल्या आणि उपचार न मिळालेल्या बाळांपैकी निम्मी दुसरा वाढदिवस बघत नाहीत. त्यांच्या वागण्याबद्दल काय म्हणता?

दोन, कॅन्सर एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. हा लागतो, आणि उपचार नीट चालू असले तर लागत नाही. नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाही, मोजलेलं आहे. पार्टनर नावाच्या युरोपातल्या अभ्यासात एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह अशा जोडप्यांना वर्षानुवर्षं तपासलं. दुसऱ्या टप्प्यात ७८२ समलिंगी जोडपी होती, कंडोमशिवाय सुमारे ७६ हजार संबंध झाले. पॉझिटिव्ह जोडीदाराचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दबलेला असताना त्याच्याकडून दुसऱ्याला झालेले संसर्ग: शून्य. तुम्ही ज्याला लाड म्हणताय तो तुमच्याआमच्यासाठी घातलेला बंधारा आहे.

तीन, औषध तुटलं तर काय होतं. बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत विषाणू पुन्हा उसळतो. मध्ये थोडा खंड घेतला तर चालेल का, हेही तपासून झालंय. स्मार्ट नावाच्या चाचणीत साडेपाच हजारांच्या आसपास रुग्ण होते. सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी किती ते बघून उपचार थांबवायचे, पुन्हा सुरू करायचे. २००६ मध्ये ती आवरती घ्यावी लागली, कारण खंड घेणाऱ्यांत गंभीर आजार आणि मृत्यू दुपटीहून जास्त निघाले. अर्धवट गोळ्या घेणाऱ्यांच्या शरीरात औषधाला दाद न देणारे विषाणू तयार होतात, ते वेगळंच.

मधुमेहवाल्याच्या घरीही कुणीतरी जायला हवं, हे मात्र तुमचं खरं आहे.


क्षार

बाळांचं मान्य. बंधाऱ्याचंही निम्मं मान्य. बाकी मत तेच.


हिशेबनीस

दोन्ही बाजूंना न आवडणारं काहीतरी.

मी काही वर्षं अशा अनुदानांची हिशेबतपासणी केली आहे. कुणाची ते सांगत नाही. एका प्रकल्पात बाहेरून आलेल्या सल्लागाराचं एका दिवसाचं मानधन आणि वस्तीत फिरणाऱ्या पीअरचं महिन्याचं मानधन एकाच पानावर होतं. सल्लागाराचा आकडा मोठा होता. तिमाही आढावा हॉटेलात. आणि पीअरच्या बसभाड्याच्या तिकिटाचा कागद फाटला म्हणून खर्च नामंजूर. तो नामंजूर करणारा मीच होतो. नियमच तसा होता. अजून लाज वाटते.

अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नवं जागतिक आरोग्य धोरण काढलं. त्यात म्हटलंय की त्यांच्या आरोग्य मदतीतला साधारण ४० टक्केच पैसा औषधं, साहित्य आणि प्रत्यक्ष सेवा देणाऱ्या कर्मचाऱ्यांवर जातो. उरलेला तांत्रिक साहाय्य, व्यवस्थापन, वरकड खर्च. हे धोरण लिहिणाऱ्यांचा हेतू काहीही असो, रोग म्हशीला आणि औषध पखालीला हा प्रकार मी डोळ्यांनी बघितलाय.

पण म्हणून कपात झाली की वरची चरबी जाते, असं समजू नका. सल्लागाराशी वर्षाचा करार असतो, मोडला तर भरपाई. कार्यालयाचं भाडं आगाऊ गेलेलं असतं. पीअरचं मानधन महिन्याच्या महिन्याला, करार नाही, नोटीस नाही. तिला कमी करायला एक फोन पुरतो. पैसा थांबला की जी गोष्ट थांबवायला सगळ्यात सोपी तीच आधी थांबते. यात कुणाचा दुष्टपणा लागत नाही.

त्या ४० टक्क्यांत बाटली हलवणारी बाई धरली आहे का, हे मात्र बघायला हवं. तिच्याकडे नर्सची पदवी नाही. माझा अंदाज, अशा बायका बऱ्याच ठिकाणी 'इतर'मध्ये असतील.


आडवाटेचा

हिशेबनीस, मी वेगळं काय म्हणतोय? बाहेरचा पैसा आला की बाहेरचे सल्लागार येतात, बाहेरचे फॉर्म येतात. तोच कार्यक्रम देशाच्या सरकारने चालवला तर निम्म्या पैशात होईल.

औषधांचंच उदाहरण घ्या. २००० च्या सुमारास एका रुग्णाच्या वर्षभराच्या औषधांना दहा हजार डॉलरहून जास्त पडायचे. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाच्या युसुफ हमीद यांनी तीच तिहेरी औषधं ३५० डॉलरमध्ये देऊ केली. ते दान नव्हतं, धंदाच होता, आणि त्याने बाजार फिरला. आज पहिल्या फळीची गोळी वर्षाला ४० डॉलरच्या आसपास आलीये. ४० डॉलर ज्या सरकारला आपल्या नागरिकासाठी काढता येत नाहीत त्याला जाब विचारा की. आयजीच्या जीवावर बायजी उदार, असं किती दिवस?


सांजवात

आडवाटेचा, तुम्ही पुन्हा गोळीची किंमत सांगताय. मी गोळीबद्दल बोलतच नाहीये.

दक्षिण आफ्रिका घ्या, तुमच्या बाजूचं उदाहरण म्हणून. तो देश औषधं मुख्यतः स्वतःच्या पैशाने घेतो. एचआयव्हीवरच्या एकूण खर्चात पेपफारचा वाटा साधारण १७ टक्के होता. म्हणजे तुम्ही म्हणता तसा, स्वतःच्या पायावर बऱ्यापैकी उभा देश. त्या पैशाला कात्री लागली तेव्हा गोळ्यांची कपाटं रिकामी झाली नाहीत. हजारो समुपदेशक, नोंदी ठेवणारे, घरोघर जाणारे कर्मचारी गेले. तृतीयपंथी, समलिंगी पुरुष, देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया यांच्यासाठी वेगळे चालवलेले दवाखाने बंद पडले. सरकारने सांगितलं, काळजी नको, त्यांच्या फायली नेहमीच्या सरकारी दवाखान्यांत पाठवल्या आहेत.

फायली गेल्या हो. माणसं गेली का? नेहमीच्या दवाखान्याच्या रांगेत एखादी तृतीयपंथी उभी राहते, खिडकीतून तिच्या जुन्या पुरुषी नावाने पुकारा होतो, सगळी रांग वळून बघते. ती एकदा येते. दुसऱ्यांदा येत नाही. आमच्याकडे अशांच्या नावापुढे रजिस्टरात तीन अक्षरं पडायची: एलएफयू. लॉस्ट टू फॉलोअप. जणू बाईच हरवली.

तुम्ही तारीख मागितली होती. तारीख नाही, पण रीत सांगते. २००३ मध्ये गेट्स फाउंडेशनने भारतात 'आवाहन' सुरू केलं, महाराष्ट्र धरून सहा राज्यांत, नेमकं याच गटांसाठी. तेही कायमचं नव्हतं. ते सरकारकडे सोपवलं, पण एकदम नाही. २००९ पासून तीन टप्प्यांत: आधी दहा टक्के प्रकल्प, मग वीस, शेवटी उरलेले. खर्चाचे निकष सरकारी चौकटीत आधीच बसवून घेतले. त्यातही कुरकुर झाली, काही गोष्टी निसटल्या. पण गोठवलं आणि चार दिवसांत आदेश, असं झालं नाही. मदत थांबण्याला माझा विरोध नाही, एवढं तरी आता मान्य करा.


आडवाटेचा

मान्य. आवाहनचं उदाहरण मला माहीत नव्हतं आणि ते माझ्याच बाजूचं आहे, त्यामुळे आनंदाने मान्य. :)


डॉ_निशाचर

घाईने हात काढला की काय होतं त्याचंही उदाहरण आहे. रुमानियातून ग्लोबल फंडचा एचआयव्हीचा पैसा २०१० मध्ये संपला. सुया वाटणारी केंद्रं आकसली. त्या साली नव्या एचआयव्ही रुग्णांत सुईने नशा करणारे ३ टक्के होते. २०१३ पर्यंत ते ३० टक्क्यांच्या घरात गेले.


आडवाटेचा

डॉक्टर, रुमानियात त्याच काळात नव्या प्रकारची रासायनिक नशा आली होती. ती दिवसातून कितीतरी वेळा टोचून घेतात. सुया जास्त वेळा, म्हणून संसर्ग जास्त. सगळं खापर निधीवर फोडता येणार नाही.


डॉ_निशाचर

बरोबर, दोन्ही कारणं होती. पण मग सुया जास्त लागायला लागल्या त्याच वेळी सुया देणारे कमी झाले, असंच झालं ना?

परदेशी मदतीचा काही संबंध नसलेलं उदाहरण देतो. अमेरिका, इंडियाना राज्य, स्कॉट परगणा. तिथे एचआयव्हीची चाचणी करणारं एकमेव केंद्र होतं, ते निधी आटल्याने २०१३ मध्ये बंद झालं. परगण्यात वर्षाला पाचसुद्धा नवे रुग्ण सापडत नसत, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. २०१४ च्या अखेरीस उद्रेक सुरू झाला. ऑस्टिन नावाचं चारेक हजार वस्तीचं गाव, आणि रुग्ण जवळपास २००. राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर माइक पेन्स सुई-अदलाबदलीच्या विरोधातले. मार्च २०१५ मध्ये आणीबाणी जाहीर करून त्यांनाच परवानगी द्यावी लागली. साथ आटोक्यात आली. आणि २०२१ मध्ये परगण्याच्या मंडळाने ते सुई केंद्र दोन विरुद्ध एक मतांनी बंद करायचं ठरवलं. साथ आटोक्यात आली म्हणजे आता केंद्राची गरज नाही, नाही का?

अवांतर: आमच्या विषयात काम चांगलं झालं की ते दिसत नाही. न झालेल्या संसर्गाचा फोटो काढता येत नाही.


हिशेबनीस

"कपातीने नक्की किती माणसं मेली" हा प्रश्न इथे येईलच, म्हणून आधीच लिहितो. यूएनएड्स या संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगात ४ कोटी ८ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते, ३ कोटी १६ लाख उपचारांवर, आणि वर्षभरात ६ लाख ३० हजार मृत्यू. २००४ च्या सुमारास हेच मृत्यू वर्षाला वीस लाखांच्या वर होते. पेपफारचा पैसा कायमचा गेला आणि त्याची जागा कुणीच घेतली नाही, तर २०२९ पर्यंत ४० लाख जादा मृत्यू आणि ६० लाख जादा संसर्ग होतील असं त्यांचं गणित आहे. गणित आहे, घडलेलं नाही, हे लक्षात ठेवा.

पण घडलं ते कळायचं कसं? दर काही वर्षांनी नव्वदएक देशांत घरोघरी जाऊन होणारी लोकसंख्या व आरोग्य पाहणी, डीएचएस, १९८४ पासून अमेरिकेच्या पैशावर चालायची. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केली. दक्षिण आफ्रिकेत गेलेल्यांत नोंदी भरणारे होतेच. तिथल्या प्रयोगशाळांच्या आकड्यांवरून रॉयटर्सने त्या वर्षीच्या मे महिन्यात बातमी दिली की काही गटांत व्हायरल लोड चाचण्या २१ टक्क्यांपर्यंत घटल्या. चाचणी कमी म्हणजे सापडणारे बिघाड कमी. ताळेबंद सुंदर दिसेल.

मी आयुष्यभर हेच शिकलो की नोंद नाही तो व्यवहार नाही. इथे ते वाक्य उलटं फिरलंय.


आडवाटेचा

एक मुद्दा अजून उरतोच, आणि तो मला सगळ्यात अवघड वाटतो. युगांडाने २०२३ मध्ये समलैंगिकतेविरुद्धचा कडक कायदा केला. तिथल्या सरकारला हे लोक आपले नागरिकच वाटत नाहीत. सांजवात म्हणतील, म्हणूनच बाहेरचा पैसा हवा. पण म्हणजे एका देशाच्या करदात्याने दुसऱ्या देशाच्या सरकारला नको असलेलं काम तिथे चोरून करायचं? किती वर्षं? उलट बाहेरच्या पैशामुळे त्या लोकांवर "परकीयांचे हस्तक" हा शिक्का बसतो. कायदा बदलला नाही तर दवाखाना कुणाच्याही पैशाने चालवा, तो उद्या बंद होणार.


सांजवात

याला माझ्याकडे उत्तर नाही. म्हणजे अर्धं आहे. कायदा बदलायला पंधरा वर्षं लागतील, आणि ती पंधरा वर्षं ज्यांनी जगायचंय त्यांना रोज एक गोळी लागते. कंडोम पर्समध्ये सापडला म्हणून तोच पुरावा धरून बाईला आत टाकणारे पोलीस कित्येक देशांत आहेत. तिथे कंडोम वाटणारीला सरकार मानधन देईल याची वाट मी बघणार नाही. पण शिक्क्याचं तुम्ही म्हणता ते मी बघितलंय, नाकारत नाही.


तेरावा_मजला

चार दिवस धागा वाचतेय. पहिल्यांदाच लिहितेय, आणि बहुतेक शेवटचंच.

मी अकरा वर्षं गोळ्या घेतेय. मी कुठल्या गटातली हे सांगणार नाही.

सांजवात, तुमची ती कार्यकर्ती चांगलीच असणार. पण माझ्या दारात अशी बाई आली तेव्हा शेजारणीने दुसऱ्या दिवशी विचारलं, "त्या संस्थेची होती ना ती?" मला त्यानंतर घर सोडावं लागलं. त्यामुळे माणसं कमी झाली याचं दुःख सगळ्यांना सारखं नसतं. मला एका वेळी सहा महिन्यांच्या गोळ्या मिळायला लागल्या तो दिवस माझा सगळ्यात मोठा सण होता. कुणी दारात नको, दर महिन्याला केंद्रात जाऊन बसायला नको.

मला भीती आहे ती वेगळी. गोळ्या सहा महिन्यांच्या आहेत, पण त्या चालताहेत की नाही हे मला फक्त व्हायरल लोडचा कागद सांगतो. अंगावर काही दिसत नाही. तो कागद वर्षातून एकदा यायचा, आता कधी येतो ते विचारायला खिडकीत माणूस नसतो. मी एका माणसाबरोबर राहते. त्याला माहीत आहे. त्या कागदाच्या भरवशावर आम्ही दोघं आहोत.

आणि मी बाटलीत कापूस घालून ठेवते. पर्समध्ये वाजू नये म्हणून.


पांथस्थ

लिहिलंत ते बरं केलंत.


क्षार

माझ्या पहिल्या प्रतिसादातला "लाड" शब्द मागे घेतो. संपादन करून काढत नाही, राहू दे तिथेच.


डॉ_निशाचर

तेरावा_मजला, सहा महिन्यांच्या गोळ्या हा खरोखर चांगला बदल आहे, आणि त्याने पैसाही वाचतो. ज्यांचं बस्तान बसलंय त्यांच्या हाती गोळ्या द्याव्या आणि त्यांना मोकळं सोडावं. उरलेली माणसं ज्यांचं अजून बसलेलं नाही त्यांच्यामागे लावावीत. या धाग्यातली सगळ्यात कामाची सूचना तुमची आहे. व्हायरल लोड मात्र मागून घ्याच, लाजू नका.

याच सुमारास प्रतिबंधाचं सगळ्यात जोरदार हत्यार हाती आलंय, हे दैव देतं आणि कर्म नेतं त्यातलं. लेनाकापाविर, वर्षातून दोन इंजेक्शनं. २०२४ मध्ये निकाल आले त्या चाचणीत ते घेतलेल्या २,१३४ तरुण स्त्रियांपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. अमेरिकेतली छापील किंमत वर्षाला २८ हजार डॉलर. पण २०२७ पासून जेनेरिक ४० डॉलरमध्ये द्यायचे करार झालेत. लपवायला बाटलीच नाही! अमेरिका आणि ग्लोबल फंड मिळून तीन वर्षांत २० लाख लोकांपर्यंत ते नेणार म्हणतात. अमेरिकेचा प्राधान्यक्रम पुन्हा गरोदर आणि स्तनदा स्त्रियांचा. त्यांना मिळावंच. पण यूएनएड्सच्या हिशेबाने २०२२ मध्ये जगातल्या नव्या संसर्गांपैकी ५५ टक्के या जोखमीच्या गटांत आणि त्यांच्या जोडीदारांत होते. इंजेक्शन शीतकपाटात ठेवून त्यांना बोलवायचं कुणी, हा धाग्याचा प्रश्न तिथेही येतोच.


आडवाटेचा

सांजवात, एक विचारायचं राहिलं. ती बाई आता काय करते?


सांजवात

चार घरची धुणीभांडी.

तेरावा_मजला, तुमचं वाचून तिला फोन केला. कापसाचं सांगितलं तर हसली. म्हणाली, कापसाची बाटली वजनावरून कळते, पण मी त्यांना कळू द्यायचे नाही की मला कळलंय. कुणाच्या दारात जायचं आणि कुणाला कोपऱ्यावर भेटायचं, हे ती ठरवून ठेवायची. तुमच्याकडे आलेलीला ते कुणी सांगितलं नसावं.

अजून सातआठ जणी तिला फोन करतात. एकीच्या गोळ्या बदलल्यात, तिला रात्री झोप लागत नाही. एकीला मूल हवंय. ही तिला सांगते कुठल्या डॉक्टरकडे जायचं, कुठल्या वारी गर्दी कमी असते. रजिस्टर आता नाही, त्यामुळे हे कुठे मोजलं जात नाही.


आडवाटेचा

आणि फोनचा रिचार्ज?


सांजवात

स्वतःच भरते.